एक्स-रेच्या चांदण्या

रुचिताच्या पलंगाखाली एक्स-रेंचा गठ्ठा सापडला तेव्हा चंद्रप्रभाबाईंना आधी वाटलं, पोरगी आजारी आहे आणि आपल्यापासून लपवतेय.

त्या खोलीत गेल्या होत्या माळ्यावरचा खोका काढायला. डिसेंबर लागला होता, नाताळची तयारी सुरू करायची होती, आणि सजावटीचं सगळं सामान चिन्मयच्या खोलीतल्या माळ्यावर असायचं. चिन्मय, त्यांचा मुलगा, नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून ती खोली रिकामी होती. दीड वर्षापूर्वी पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या विनयाबाईंनी विचारलं, "औशाकडची एक मुलगी आहे, यूपीएससी करते. मराठी घरात जागा मिळाली तर बरं म्हणते." तेव्हा चंद्रप्रभाबाई आणि सुधन्वा साळव्यांनी फरीदाबादच्या आपल्या फ्लॅटमधली ती खोली रुचिता मानेला दिली. मुलगी शांत होती, वेळेवर यायची, भांडी घासून ठेवायची. तक्रारीला जागा नव्हती.

स्टूल ओढताना पाय पलंगाखालच्या काळ्या पिशवीला लागला. पिशवी कलंडली, आतली जुनी ओढणी सुटली आणि तिच्यात गुंडाळलेल्या फिल्म फरशीवर घसरत बाहेर आल्या.

चंद्रप्रभाबाईंनी एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. छाती. दुसरीत गुडघा. तिसरीत कुणाचं तरी मांडीचं हाड, त्यात दोन स्क्रू बसवलेले. कोपऱ्यांत नावं होती. ओमवती, वय बासष्ट. रामफल, वय एक्केचाळीस. शकुंतला. बलबीर. रुचिता सव्वीस वर्षांची. तिच्या नावाची एकही नव्हती.

गठ्ठ्याच्या तळाला काही फिल्म वेगळ्या होत्या. त्यांच्यावर हाडं नव्हती, नावं नव्हती. सगळा काळा थर धुऊन काढलेला, आणि खाली उरलेला तो फिकट निळा रंग. तो पाहिला आणि चंद्रप्रभाबाई फरशीवरच बसल्या. काळजी गेली होती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

साळव्यांच्या घरी नाताळला बाजारातली एकही वस्तू येत नसे. कॉलनीच्या बागेत छाटणी झाली की चंद्रप्रभाबाई पेरूची एखादी बरी फांदी मागून आणत, तिला चुना लावत. तेच त्यांचं झाड. त्यावर फुटक्या बांगड्यांचे घोस, चिंचोक्यांच्या माळा, जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेली पाखरं. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीचं छप्पर द्राक्षांच्या पेटीचं, आतलं गवत काचसामानाच्या दुकानातल्या पॅकिंगचं. दाराला तोरण, त्याला जुन्या पैठणीचा काठ. आणि या सगळ्यावर मान होता तो निळ्या चांदणीचा.

ती चांदणी करायची रीत त्यांच्या आईची. आई नेवाशाकडे एका मिशन इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस होती. जुन्या फिल्म टाकून द्यायच्या असत. आई त्या घरी आणायची, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची आणि थर घासून काढायची. उरलेल्या निळ्या फिल्मच्या बारा पाकळ्या कापायच्या. डिंक नाही, दोरा नाही. एकीचं टोक दुसरीच्या खाचेत, आणि शेवटचं टोक उलटं वळवून आत. मग आत दिवा ठेवला की भिंतींवर विहिरीतल्या पाण्यासारखा उजेड हलायचा. ते शेवटचं टोक कसं वळवायचं हे आईने चंद्रप्रभाबाईंना दाखवलं होतं. त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. सुधन्वांनासुद्धा नाही.

गेल्या नाताळात फिल्म घासायला रुचितानेच मदत केली होती. "काकू, किती भारी आहे यार हे!" म्हणत तिने चांदणीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, फूटपट्टी लावून पाकळीचं मापही घेतलं होतं. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता तीच फूटपट्टी आठवून चंद्रप्रभाबाईंचा चेहरा तापला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सुधन्वा साळवे केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. परक्यांचे एक्स-रे म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली.

"खोटी मेडिकल बिलं," ते म्हणाले. "पोलीस व्हेरिफिकेशन केलंय ना आपण तिचं?"

"फॉर्म तुम्हीच भरलात. आणि बिलं नाहीत हो, ती माझी चांदणी करतेय."

"मग करू दे की."

"चोरून का करतेय?"

सुधन्वांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "ते जाऊ दे. यंदा चांदणी बाल्कनीत नको लावूस, हॉलमध्ये लाव. खालचे ते गृहस्थ परवा विचारत होते, तुमच्याकडे रविवारी किती लोक जमतात म्हणून. सहज विचारलं म्हणाले."

"चिन्मयचे दोन मित्र आले होते जेवायला."

"मी तेच सांगितलं. पण त्यांनी मान हलवली ती मला आवडली नाही. त्यात आपल्या घरात परक्याची मुलगी. उगाच कशाला?"

त्या दिवसापासून चंद्रप्रभाबाई रुचितावर नजर ठेवू लागल्या. ठेवायची नाही असं रोज सकाळी ठरवायच्या आणि दुपारपर्यंत दहा गोष्टी टिपून मोकळ्या व्हायच्या. मुलीच्या नखांत वाळलेला फेविकॉल. केसांत चमकीचा कण. लायब्ररीतून आले म्हणते, पण टेबलावरचं जाडजूड पुस्तक आठवडाभर दोनशे बाराव्या पानावरच उघडं. फोन आला की ती बाल्कनीत जाऊन दार लोटून घ्यायची, आणि काचेमागून हिंदी शब्द यायचे, "बुधवार तक पक्का, भैया" किंवा "वो नीले वाले और चाहिए क्या?"

एकदा जेवताना चंद्रप्रभाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अभ्यास कसा चाललाय गं?"

"चाललाय, काकू."

"मेन्सच्या रिझल्टचं काय झालं?"

"लागेल." रुचिताने पोळीचा तुकडा मोडला आणि तो खाल्लाच नाही.

दुसऱ्या शनिवारी चंद्रप्रभाबाई मेट्रोने पहाडगंजला गेल्या. विनयाबाईंना नाताळच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं होतं. ते देऊन परत निघाल्या तेव्हा स्टेशनच्या बाजूची ठोक दुकानांची गल्ली लाल टोप्यांनी, थर्माकोलच्या बाहुल्यांनी आणि चंदेरी झिरमिळ्यांनी भरून गेली होती. हातगाड्यांतून वाट काढत त्या चालत होत्या आणि एका दुकानाच्या पायरीशी थबकल्या. आत, छताच्या हुकाला, निळी चांदणी पेटलेली होती. एक नाही, पाच.

"भैया, ये कहाँ से आया?"

"हाथ का काम है, मैडम," दुकानदार उत्साहाने म्हणाला. "फरीदाबाद में एक मराठी आंटी हैं, उनका डिझाइन है. उनकी भांजी हमारे यहाँ काम करती है, जुलाई से. अभी सदर बाज़ार गई है माल लेने. बैठिए, आती होगी."

"आंटी खुद नहीं आतीं?"

"उम्र हो गई है उनकी. घर से निकल नहीं पातीं."

छप्पन्न वर्षांच्या चंद्रप्रभाबाई पहाडगंजच्या त्या दुकानात मेट्रोचे जिने चढून-उतरून उभ्या होत्या. त्यांनी एक चांदणी खाली काढायला लावली आणि उलटी करून पाहिली. शेवटचं टोक कापून टाकलेलं होतं आणि तिथे फेविकॉलचा पिवळट गोळा. त्यांना राग आला होताच. पण तो गोळा पाहून जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं.

रुचिता संध्याकाळी साडेसहाला घरी आली. साळवे नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते. टेबलावर काहीच वाढलेलं नव्हतं.

"बस," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मी आज पहाडगंजला गेले होते. माझं वय झालंय म्हणे. मला घराबाहेर पडता येत नाही म्हणे."

रुचिता खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

"जूनमध्ये प्रिलिमचा रिझल्ट लागला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नापास झाले, काकू. मी घरी पास म्हणून सांगितलं. का सांगितलं ते मलाही कळत नाही. बाबांचा फोन आला, त्यांनी विचारलं, झालं ना? आणि मी हो म्हणाले. त्यांनी गावात पेढे वाटले. मग परत नाही कसं म्हणू? आता मेन्सचा रिझल्ट पुढे गेलाय म्हणून सांगितलंय."

"आणि दुकान?"

"लायब्ररीत जाववत नव्हतं. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. विनयाबाईंकडे जाताना त्या दुकानात 'हेल्पर चाहिए' अशी पाटी दिसली. राखीच्या वेळेला लागले. मग दिवाळीच्या माळा केल्या. तिथे मला चांगलं वाटतं, काकू. नाताळ आला तेव्हा दुकानदार म्हणाले, काही नवीन दाखव. कबाड्याच्या भंगारात जुने एक्स-रे मिळाले." तिने मान वर केली. "पण डिझाइन माझं आहे असं मी कधी म्हणाले नाही. काकूंचं आहे, हेच सांगितलं. बाकीचं ते खोदून विचारायला लागले म्हणून…"

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

खरंच, चंद्रप्रभाबाई नाहीच म्हणाल्या असत्या.

"आणि काकू," रुचिता आता रडत होती, पण आवाज घट्ट होता, "मी फिल्म जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवल्या होत्या. मागच्या आठवड्यात बघितलं तर ओढणी घडी करून वर ठेवलेली. तुम्ही माझी पिशवी तपासलीत. मला आठ दिवसांपासून माहीत आहे. मी रोज वाट बघत होते, तुम्ही कधी विचारता त्याची."

स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाल्याचा आवाज झाला. सुधन्वा घसा खाकरून म्हणाले, "जानेवारीत तू दुसरी जागा बघ."

रुचिताने मान हलवली. नवऱ्याच्या बोलण्याला चंद्रप्रभाबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

पुढचे दिवस घरात तिघं होती, पण एकमेकांना वळसा घालून वावरत होती. चंद्रप्रभाबाईंनी फांदीला चुना लावला, पाखरं टांगली, हॉलमध्ये चांदणी लावली. रुचिता सकाळी लवकर निघायची. जाताना चांदणीकडे बघायची नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी साळवे नवरा-बायको उपासनेहून परतले तेव्हा त्यांच्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, स्वेटरवर मफलर गुंडाळलेला, पायाशी प्रवासी बॅग. त्याने आधी सुधन्वांच्या हातातलं बायबल पाहिलं, मग त्यांचा चेहरा.

"साळवे?"

"हो."

"मी नरसिंह माने. रुचिताचा बाप."

ते आत आले, सोफ्याच्या कडेवर बसले. चंद्रप्रभाबाईंनी पाणी आणलं.

"नको ताई. उपास आहे."

"पाण्यालाही?"

"हो."

कसला उपास, ते चंद्रप्रभाबाईंनी विचारलं नाही. नेवाशाला लहानपणी, त्यांच्या दाराशी आल्यावरच लागणारे असे उपास त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पेला त्यांनी टिपॉयवर ठेवला.

नरसिंहराव औशाच्या पंचायत समितीत लिपिक होते. त्यांची नजर खोलीभर फिरत होती, फांदीवर, गव्हाणीवर, निळ्या चांदणीवर, भिंतीला लावलेल्या जादा खुर्च्यांवर.

"तुम्ही ख्रिश्चन आहात, हे मला पोरीनं कधी सांगितलं नाही. साळवे म्हणाली, मराठी घर आहे म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं." त्यांनी खिशातून फोन काढला. "हे गावातल्या ग्रुपवर फिरतंय."

दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ होता. लाल टोपी घातलेली रुचिता हातात निळी चांदणी धरून हसत 'मेरी ख्रिसमस' म्हणत होती.

"माझ्या पुतण्यानं दाखवला. लोक म्हणतात, नरसिंहची पोरगी तिकडं गेली."

"तिकडं म्हणजे कुठे?" सुधन्वांनी विचारलं.

"कळतंय तुम्हाला, साहेब." नरसिंहरावांचा आवाज चढला. "पोरगी साहेब व्हायला आली होती, टोपी घालून चांदण्या धरायला नाही. मेन्स दिलेली पोरगी. तिला ह्यात कुणी ओढलं? ह्या खुर्च्या कशाला? किती माणसं जमतात इथं?"

"अहो माने, तुमची मुलगी जूनमध्येच—"

चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य उच्चारलं की साळव्यांच्या घरावरचा सगळा संशय धुऊन निघाला असता. पण त्यांना तो पलंग आठवला, आणि फरशीवर बसून आपण एकेक फिल्म उजेडात धरली ते. पुन्हा तिचं काही तिच्यामागे उघडायचं नव्हतं.

"ती येईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिलाच विचारा."

"म्हणजे काहीतरी आहे."

"तिला विचारा म्हटलं ना."

"मी पोलिसात जाईन, ताई. सांगून ठेवतो."

सुधन्वा उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी रुचिताला फोन लावला. बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता, दबका आणि कापरा. "लगेच नीघ. तुझे वडील आलेत. हो, इथे."

पहाडगंजहून फरीदाबादला यायला सव्वा तास लागला. तेवढ्यात नरसिंहराव तीनदा उठले. एकदा गव्हाणीत वाकून पाहिलं. एकदा जादा खुर्च्या मोजल्या, दोन होत्या. मग म्हणाले, "तिची खोली बघू द्या." चंद्रप्रभाबाईंनी दार दाखवलं. रुचिताच्या टेबलावर गणपतीची छोटी तसबीर होती, पुढे सकाळचं जास्वंदाचं फूल, अजून टवटवीत. नरसिंहराव तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"हे रोज असतं?"

"रोज. फूल ती बागेतून आणते."

त्यांनी चंद्रप्रभाबाईंकडे पाहिलं. मी येणार हे ह्यांना आधी कळलं तर नसेल, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

रुचिता आली ती धापा टाकत. बूटही काढले नाहीत. दारातच उभी राहून तिने वडिलांना सगळं सांगितलं, जून, नापास, फोनवरचं हो, दुकान, मेन्सचं खोटं. एकही वाक्य तिने वळवून घेतलं नाही. चंद्रप्रभाबाईंना वाटलं, आठ दिवसांपूर्वी आपल्यापुढे बोलली तेव्हा हिने एकदा बोलून पाहिलं, म्हणून आता जमतंय.

नरसिंहराव ऐकत होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी हात लांबवून टिपॉयवरचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"म्हणजे तू मेन्स दिलीच नाहीस."

"नाही."

"मी पेढे वाटले."

"माहीत आहे, बाबा."

"हायस्कूलच्या हेडमास्तरांना स्वतः नेऊन दिले." त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "ह्या लोकांनी तुला काही… चर्चला वगैरे…"

"एकदाही नाही. उलट मीच ह्यांचं चोरलं. ही चांदणी काकूंच्या आईची आहे."

चोरलं हा शब्द चंद्रप्रभाबाईंनी गेले दोन आठवडे मनात शंभर वेळा वापरला होता. बापासमोर मुलीच्या तोंडून तो ऐकवला नाही.

"चोरलं नाही," त्या म्हणाल्या. "न विचारता घेतलं."

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. हॉटेल शोधतो असं नरसिंहराव म्हणाले, पण तितक्याशा जोरात नाही, आणि सुधन्वांनी दिवाणावर गादी घातली. ते भात-वरण जेवले.

सकाळी चंद्रप्रभाबाई चहा ठेवायला उठल्या तर हॉलमध्ये चांदणी जागेवर नव्हती. नरसिंहराव दिवाणावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीत बारा निळ्या पाकळ्या सुट्या पडल्या होत्या.

"चुकलं माझं, ताई," ते ओशाळून म्हणाले. "आत काही लिहिलंय का ते बघत होतो."

"काय लिहिलंय?"

"ह्या एका पाकळीवर इंग्रजी एल आहे. दुसरं काही नाही."

"तिथला थर निघाला नसेल. एल म्हणजे लेफ्ट. कुणाच्या तरी डाव्या हाताचा फोटो असेल."

"मंत्र वगैरे काही?"

"नाही."

त्यांनी चंद्रप्रभाबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ऑफिसात खाडाखोड असलेला कागद ते असाच बघत असतील. मग खांदे सैल सोडले. "आता हे बसेना. तासभर झाला."

रुचिता खोलीच्या दारात येऊन उभी होती. चंद्रप्रभाबाई दिवाणावर बसल्या आणि पाकळ्या गोळा करू लागल्या. एरवी शेवटच्या टोकापाशी आल्या की त्या पाठ वळवायच्या. आज अकरा पाकळ्या अडकवून झाल्यावर त्या थांबल्या.

"रुचिता, इकडे ये. हे टोक तू कापून टाकतेस आणि फेविकॉल लावतेस ना? फार वाईट दिसतं ते. माझ्या आईने पाहिलं असतं तर हातावर मारलं असतं."

"मला ते जमलंच नाही, काकू. फोटोत दिसत नाही."

"दिसणारच नाही. आधी उलटं घ्यायचं, मग खालून. असं."

एकदा दाखवलं. उलगडून परत दाखवलं. तिसऱ्यांदा रुचिताच्या हातात दिलं, तिचं निसटलं, चौथ्यांदा बसलं. "द्या इकडं," म्हणत नरसिंहरावांनीही प्रयत्न केला. त्यांच्या जाड बोटांना टोक वळवणं जमेना, पण ते चहा गार होईपर्यंत सोडेनात. चंद्रप्रभाबाईंना तेव्हा हलकं वगैरे वाटलं नाही. काहीतरी हातचं गेल्यासारखंच वाटलं. पण दुकानात तो पिवळा गोळा लटकत राहण्यापेक्षा ते बरं होतं.

संध्याकाळी नरसिंहराव निघाले. बॅग उचलून दारात घुटमळले.

"साहेब, गावात आता काय सांगू?"

"जे पाहिलंत ते सांगा," सुधन्वा म्हणाले.

"ते कोण खरं मानणार? म्हणतील, ह्यालाही तिकडं ओढला." त्यांनी थोडा विचार केला. "परीक्षेचं सांगतो. नापास झाली म्हणून दुकानात लागली, हे मानतील."

"पण मग पेढ्यांचं, बाबा…"

"ते माझं मी बघतो." मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला नाही, पण जिन्याच्या वळणावर थांबून एकदा वर पाहिलं. "जेवत जा नीट."

चोवीस तारखेला दुपारी चंद्रप्रभाबाई करंज्या तळत होत्या आणि रुचिता सारण भरून देत होती. दुकानातली शेवटची ऑर्डर सकाळीच देऊन ती लवकर आली होती. जागा बदलण्याचा विषय सुधन्वांनी पुन्हा काढला नव्हता. रुचितानेच पहाडगंजजवळ एक खोली पाहून ठेवली होती आणि पंधरा जानेवारीला जायचं ठरवलं होतं. चंद्रप्रभाबाई तिला राहा म्हणाल्या नाहीत. पिशवी सापडल्यापासून कपाटाची किल्ली त्या कमरेला खोचायच्या, ती सवय अजून गेली नव्हती. मुद्दाम नाही, हात आपोआप तसा जायचा. रुचिताच्याही ते लक्षात आलेलं होतं.

फोन वाजला. पिठाचे हात म्हणून रुचिताने स्पीकर लावला.

"सांगितलं मी सगळ्यांना," नरसिंहरावांचा आवाज आला. "हेडमास्तरांनाही. पण तुझा चुलतभाऊ म्हणतोय, हे लपवायला रचलेलं आहे. म्हणतो, नापास झाल्याचा कागद दाखवा."

रुचिता हसायला लागली. साळव्यांच्या घरी दीड वर्षात तिला इतक्या मोठ्याने हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

"बाबा, नापासाचा कागद नसतो. पास झालेल्यांचीच यादी लागते."

"मग ती पाठव," चंद्रप्रभाबाई कढईतून करंजी काढत म्हणाल्या. "हिचा नंबर त्यात नाही, एवढं तरी दिसेल."

रुचिताने हात धुतले आणि यादी पाठवली. हजारो आकडे, पानामागून पान. तिचा नंबरही खाली लिहून दिला. तासाभराने पुन्हा फोन आला. या वेळी तिने स्पीकर लावला नाही. फोन कानाला लावून ती खिडकीशी गेली, ऐकत राहिली, "हो बाबा," म्हणाली, "नाही बाबा," म्हणाली.

"पटलं का त्याला?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"त्याचं काही बोलले नाहीत." रुचिताने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "त्यांनी स्वतःच सगळी यादी वाचली. पहिल्या पानापासून. दोनदा वाचली म्हणाले."

चंद्रप्रभाबाईंनी गॅस बारीक केला, तिच्याकडे एक करंजी सरकवली आणि म्हणाल्या, "गरम आहे. फुंकून खा."